सवतीचं पदक

मी पदक बोलतेय, पण मिरवायचं नव्हे. शर्यत जिंकणाऱ्याला पदक मिळतं, शिपायाला शौर्याचं मिळतं, देवभोळा माणूस देवाचं घालतो. मी मेलेल्या बाईचं पदक आहे. पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाची चांदीची चकती बांधतात. ती मी.

माझ्यावर कोरलेल्या बाईचं नाव तुळजा. कोन गावच्या राहीबाईची थोरली सून, मनोजची बायको. नणंदेच्या हळदीला तिच्या कळा सुरू झाल्या. दारात सुमो उभी होती. राहीबाई म्हणाली, "गाडी पाव्हन्यांना पायजे. पयलटकरनीला येल लागतंच." गाडी पाहुणे आणत राहिली. तुळजा गेली, पोटातलं बाळही गेलं. पाहुणे मात्र वेळेवर जेवले.

वर्षाच्या आत पूर्वी सून होऊन आली. मेलेली नडेल या धास्तीने राहीबाईनेच भिवंडीच्या सोनाराकडून मला घडवून घेतलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना. कारण रीत अशी, की दुसरीला जे द्यायचं ते आधी पहिलीला. जिला जन्मभर उरलंसुरलं वाढलं, तिला आता पहिला घास, नव्या साडीचा पहिला मान. मला कुंकू लावायला राहीबाईला रोज सकाळी वाकावं लागायचं. मी मनात म्हणायचे, वाक अजून.

पण तेवढ्याने माझा राग भागत नव्हता.

पूर्वीला नववा लागला आणि धाकट्या दिराची हळद आली. अंगणात बँजो सुरू झाला, तशी ती पोट धरून खाली बसली. राहीबाईच्या तोंडून जुनंच पुराण निघालं. "हलद लागू दे गो. पाव्हनं आनून झालं का मंग जाव. येवढी काय घाई हाय?"

पूर्वीने मला गळ्यातून काढलं आणि सासूच्या तळहातावर ठेवलं.

"आई, पयलं ताईला, ही रीत तुमीच घातली. मंग इचारा ताईला, थांबू का मी?"

जमलेल्या बायका पुढे सरकल्या. मी होता येईल तितकी जड झाले.

"मनोज, गाडी आन," शेवटी राहीबाई म्हणाली. "पाव्हनं ऱ्हाऊंदे." पोटच्या पोराची हळद सोडून, मला मुठीत धरून ती गाडीत सुनेशेजारी बसली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारशाला राहीबाई म्हणाली, "आता तुलजा शांत झाली. ही चांदी आटवून पोरीला वाळे करू."

"न्हाय," पूर्वी म्हणाली आणि तिने मला पुन्हा गळ्यात घातलं.

बरं केलं. मी शांत झालेले नाही. तुमच्या घरात सुनेला कळा आल्या तर आधी गाडी काढा, पदक ठोकायला सोनार बसलाच आहे.

हल्ली राहीबाई कुंकू लावता लावता पुटपुटते, "माफ कर गो पोरी." मला सगळं ऐकू येतं. पण उद्या सकाळी तिला पुन्हा वाकायचं आहे.