मशीनला लावलेली हळद

"सायेब, ह्याला बी हळद-कुंकू लावायचं व्हय?"

जोतीराम शिपाई पूजेचं ताट घेऊन काचेच्या खोलीच्या दारात उभा होता. त्या दिवशी खंडेनवमी होती. वजनकाट्यापासून टाइपरायटरपर्यंत कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांना झेंडू चढला होता. तेवढं हे नवं सर्व्हर मशीन राहिलं होतं.

"लावायचं न्हाई तर काय? आन ताट इकडं."

हळद मीच लावली. नारळ दाराबाहेर फोडला, तेवढी अक्कल होती मला. तेवढ्यात जोतीराम म्हणाला, "आवं, पण हे चालूच हाय की! आज हत्याराला इसावा पायजे."

खरंच होतं ते. खंडेनवमीला आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी हत्यार चालू ठेवलेलं नाही. हे मशीन सांभाळणाऱ्या आम्रपालीनं रजेवर जाताना बजावलं होतं, "साहेब, हे बंद करू नका. लयच वेळ आली तर आधी आतनं बंद करा, मग बटण." आतनं म्हणजे कसं, ते मी विचारलं नव्हतं. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख मी, विचारणार कसा? मशीनच्या मागं हात घालून मी बटण खाली पाडलं. त्याच्यावरचे दिवे गेले. आम्ही दोघांनी हात जोडले.

हे नव्व्याण्णव सालचं. पलूस-कडेगाव पट्ट्यातल्या आमच्या साखर कारखान्यानं ठरवलं होतं की, ऊसतोडणीची पाळी सभासदाला त्याच्या गावातच, तिथल्या कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे. ते वेबचं पान आम्रपालीनं एकटीनं तयार केलं होतं. बौद्ध वस्तीतली मुलगी, सांगलीत डिप्लोमा केलेली. तिला हंगामापुरती घेतली होती, आणि पान नीट चाललं तर दसऱ्यानंतर कायम करू, असा शब्द दिला होता. मी टंकलेखनातून वर सरकलेला माणूस. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यात जुना टंकलेखक म्हणून त्या खुर्चीत बसलो, एवढंच.

मशीन कसलं घ्यावं, याची तिनं मला दोन पानांची टिपणी लिहून दिली होती. एक दांडगं घेण्यापेक्षा दोन बेताची घ्या. एकावर गावांना दिसणारं पान, दुसऱ्यावर उसाच्या नोंदी, आणि त्या नोंदींची रोजची नक्कल पहिल्यावर.

"काट्यावरचा माणूस आन् नोंदी लिवणारा आपण एकाच स्टुलावर बसवत न्हाई, साहेब," ती म्हणाली होती. "एक आडवा झाला तर दुसरा तरी उभा ऱ्हातो."

संचालकांच्या बैठकीत अध्यक्ष आप्पासोंनी विचारलं, "कृष्णात, एक घ्यायचं का दोन?"

टिपणी माझ्या खिशात होती. ती वाचली असती तर कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला असता, आणि उत्तर मला येत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! शिवाय फोटोत उठून दिसेल असं एकच मोठं मशीन आप्पासोंच्या मनात होतं, ते मला माहीत होतं.

"एकच पुरंल की," मी म्हणालो. "पर दांडगं घिऊ."

दसऱ्याच्या सकाळी मी बटण वर केलं. पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. त्या दिवशी पान पहिल्यांदा उघडणार होतं, म्हणून अकरा गावांत माणसं नवी टोपी घालून आपली पाळी बघायला जमली होती. पान उघडेना, दोन महिन्यांच्या नोंदी सापडेनात. नक्कल ठेवायला दुसरं मशीनच नव्हतं. फोन खणखणायला लागले तसे आप्पासो तडक खोलीत आले.

"कुणी हात लावला रं ह्याला?"

जोतीरामानं माझ्याकडं बघितलं.

"मशीन आम्रपालीबाईंच्या ताब्यात असतंय," मी म्हणालो.

"मग कुठं हायेत त्या?"

"रजेवर. त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतोय आज."

"त्यांच्यात कुठली आलीया खंडेनवमी? हत्याराची कदर न्हाई," आप्पासो म्हणाले.

लाज तिथंच वाटायला हवी होती. मला तर सुटल्यासारखं वाटलं. लाज दुसऱ्या दिवशी आली, ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली आली. फाटकातच कुणीतरी तिच्या कानावर सगळं घातलं होतं. तिनं वायरी तपासल्या, वाकून मशीनच्या मागं बघितलं आणि थांबली. मागच्या बटणावर हळदीचा ठसा होता. अख्खा अंगठा उमटला होता.

"साहेब, आतनं बंद केलंवतं का?"

बाहेर आप्पासोंचा आवाज आला. मी खिशातला रुमाल काढला, खाली वाकलो आणि तिच्या डोळ्यांदेखत बटण पुसायला लागलो. घासलं तसं पिवळं आणखीच पसरलं.

"रुमाल वला करा," ती हळूच म्हणाली. "कोरड्यानं हळद न्हाई निघत."

आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या तिनंच माझ्यापुढं सरकवला.

आप्पासो आत आले तेव्हा बटण स्वच्छ होतं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "कागदावरच्या अर्जांवरनं नोंदी परत भरते. नऊ दिवस लागतील." नऊ दिवसांत तिनं त्या भरल्या. गावोगावी पाळी दिसायला लागली. तिला कायम करायचा कागद मात्र निघाला नाही. आप्पासोंनी माझं मत विचारलं होतं. "तुमी म्हणाल तसं," मी म्हणालो. बटण मी पाडलं, एवढंच सांगायचं होतं. ते मेल्या तोंडातून निघालं नाही.

ती शिरवळला एका कंपनीत गेली. जाताना माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेली. मशीन आतून कसं बंद करायचं, ते त्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहिलं होतं. सात ओळी. टोमणा नाही, सहीसुद्धा नाही.

पुढच्या खंडेनवमीला तो कागद समोर धरून, ओळीवर बोट ठेवत, मी मशीन बंद केलं. जोतीराम ताट घेऊन उभाच होता.

"हळद तू लाव," मी म्हणालो.

त्यानं बोट हळदीत बुडवलं. मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बोट धोतराला पुसलं आणि ताट तसंच घेऊन बाहेर गेला.