बंद गाडीतला आकडा

बावीस वर्षं मी मोटारींच्या कारखान्यात वास घेतो. हसू नका, पगारी काम आहे. सीटचा फोम, डॅशबोर्डचा तुकडा, छताचं कापड काचेच्या बरणीत घालून भट्टीत तापवतात. झाकण सरकवून आम्ही पाच जण हुंगतो आणि कागदावर आकडा लिहितो. एक म्हणजे वास नाही, सहा म्हणजे असह्य. या नाकापायी मी घरात कांदा, अत्तर, सुगंधी साबण, सगळं बंद केलं. बायको होती तोवर तिने सोसलं. आता सोसायलाही कुणी नाही.

रविवारी लेक आली, चार महिन्यांच्या नातीला घेऊन. गाडी नवीकोरी, आमच्याच कारखान्याची. सगळ्या काचा खाली करून आली होती.

“बाबा, उद्यापासून रोज तासभर हिला यातून पाळणाघरात न्यायचंय. गाडी काचा लावून उन्हात ठेवते, मग तुम्ही हुंगा. तुम्ही चालेल म्हणालात तर ठीक, नाहीतर गाडी परत.”

दोन तासांनी मी आत बसलो, दार लावलं, खोल श्वास घेतला. घसा तेवढा खरखरला. बाकी काही नाही.

मला ठाऊकच होतं. वर्ष झालं, मला वास येत नाही. कारखान्यात शेजारी बसणाऱ्या बाईंच्या कागदावर तिरका डोळा टाकून मी आकडा लिहितो. शाळेत कधी केली नाही ती कॉपी पन्नाशीत! नोकरीची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की या नाकाखेरीज मला कुणी विचारतच नाही.

“एक,” मी म्हणालो. “खुशाल बसव.”

तिने आत डोकावून डोळे चोळले. “मला तर चुरचुरतंय. जाऊ दे, तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच काहीतरी.”

तिने बाळाला सीटवर ठेवलं. पट्टा लावायला मी वाकलो, तशी नातीची टाळू माझ्या नाकाशी आली. तिथंही काहीच नाही. मला एकदम रडू फुटलं.

“काढ तिला बाहेर. मला वासच येत नाही गं. वर्ष झालं.”

तिने झटकन बाळाला उचललं आणि लांब जाऊन उभी राहिली.

“आणि रोज आकडे देता?”

“देतो.”

“या सीटला?”

“दोन दिले होते.”

मी जवळ जाऊन नातीला घ्यायला हात पुढे केले. लेकीने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.