चाळीस हात दोराचा गळ

मी एक जुना गळ आहे, मित्रांनो. मासे पकडायचा बारीक गळ नव्हे. विहिरीत पडलेली बादली-कळशी वर काढायचा, चार आकड्यांचा, चांगला अडीच शेर वजनाचा लोखंडी गळ. माझा जन्म श्रीगोंद्याकडच्या एका कोरड्या गावात झाला. गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून लोहाराने मला घडवले. चारही आकडे सारखे वळले आहेत की नाही हे पाहण्यासाठी त्याने मला उलटे टांगून गरगर फिरवले आणि तो स्वतःशीच हसला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

गावात पाणी टिकणारी विहीर एकच होती आणि ती फार खोल होती. म्हणून मला चाळीस हात दोर बांधला. विहिरीला लागून बाबाजान मणियाराचे घर होते. तो बांगड्या विकी. त्याच्या बायकोने, बद्रुन्निसाने, मला दाराशी खुंटीवर टांगले आणि गावभरच्या बाया तिच्याकडे मला मागायला येऊ लागल्या.

खुंटीवर टांगलेल्याला माणसे फार नीट दिसतात. माझ्या पाहण्यात गावात दोनच तऱ्हेची माणसे होती. एकांची बादली विहिरीत पडायची. दुसऱ्यांचीही पडायचीच, पण ते सांगायचे नाहीत. मनकर्णाबाईंची कळशी एका वर्षात अकरा वेळा पडली आणि अकराही वेळा ती सुनेच्याच हातून पडली. त्यातल्या चार वेळा सून माहेरी होती. मला सारे पाठ होते, पण मी कधी बोललो नाही. मला सोडले की मी खाली जाई, चाचपडून कडी पकडी, आणि वर ओढले की मुकाट वर येई. माझ्या कामात याहून अधिक काही नव्हते. मी ते चोख करत होतो आणि त्याची मला थोडी घमेंडही होती.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. विहीर तळाला गेली. पाणीच नाही तर बादली बुडणार कशात? मी खुंटीवर गंजू लागलो. बाबाजानच्या बांगड्याही कोणी भरेना. शेवटी तो बायकोसह राजूरला, तिच्या भावाकडे, राहायला गेला. सामान बांधताना बद्रुन्निसा म्हणाली की हे लोखंड कशाला न्यायचे. बाबाजानने मला दोरासकट उचलून बांगड्यांच्या पेटीवर ठेवले. मला भरून आले. उपयोग संपल्यावरही कोणी तरी बरोबर नेते, हे किती जणांच्या नशिबी असते?

राजूरजवळ भंडारदऱ्याचे धरण आहे. एवढे पाणी मी जन्मात पाहिले नव्हते, आणि बाबाजाननेही नाही. धरणाच्या पाण्याभोवती लहान लहान वस्त्या होत्या. पायी सगळीकडे बांगड्या घेऊन फिरायचे तर दिवस पुरत नसे. तेवढ्यात धरणावरचा एक साहेब बदलून गेला आणि त्याची जुनी, बारा हात लांबीची, एका शिडाची होडी काठावर पडून राहिली. बाबाजानने ती मागून घेतली, डांबर लावले आणि तो शीड चालवायला शिकला. होडीला लंगर मात्र नव्हता. तो साहेब बरोबर घेऊन गेला होता.

आता लंगर कोणता घ्यायचा, यावर काठावर चार दिवस खल चालला. लढाईचे दिवस होते, नवे लोखंड मिळत नव्हते. कोणी म्हणाले, फुटक्या जात्याची तळी बांध, तिला मधोमध आयते भोक असते. कोणी म्हणाले, नुसती मातीची गोणी सोड. ज्याने आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नव्हता, त्याचे मत सगळ्यांत ठाम होते. बाबाजानने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि घरी येऊन मला खुंटीवरून काढले.

धरणाच्या सरकारी होडीवर दिलावर नावाचा खलाशी होता, मूळचा दाभोळकडचा. तो मला हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला.

"चाचा, हा दगडाच्या कपारीत धरेल," तो म्हणाला. "इथे तळाला गाळ आहे. गाळात याचे आकडे कंगव्यासारखे फिरतील. गाळाला रुंद पात्याचा लंगर हवा."

"त्यो कुठून आनू?" बाबाजान म्हणाला.

"मग हाच घ्या, पण दोर वाढवा. लंगर वजनावर धरत नाही. आडवा ओढला तर रुततो, उभा ओढला तर उपटतो. पाणी असेल त्याच्या तिप्पट तरी दोर सोडा."

बाबाजान हसला. "अरं, हितं पानी पस्तीस हात. माजा दोर चाळीस हात. पाच हात उरतोय की."

दिलावरने पुन्हा समजावले. त्याच्या पाठीमागे बाबाजान म्हणाला, की दोर जास्त म्हणजे गुंता जास्त, आणि खलाशी लोकांना दोराचा सोस असतो. घरी बद्रुन्निसाने त्याला सोडले नाही.

"हुडीत मान्सं बसत्यात, बादल्या न्हाई," ती म्हणाली. "त्यो दर्यावरचा मानूस हाय. त्याचं आयका."

"दर्या तिकडं खारा. ह्ये गोडं पानी हाय."

यावर तिने कपाळाला हात लावला. पण मित्रांनो, खरे सांगतो, त्या दिवशी मी बाबाजानच्या बाजूने होतो. इतकी वर्षे चाळीस हातांत मी कधी कमी पडलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्याने काठाजवळ मला पाण्यात सोडून पाहिले. वारा पडलेला होता. मी एका बुडालेल्या झाडाच्या बुंध्यात अडकलो, होडी जागेवर राहिली आणि काठावरच्या लोकांनी मान डोलावली. एवढ्यावर माझी निवड पक्की झाली. कोरड्या मुलखातली माणसे पाणी उभेच मोजतात. पाणी आडवेही ओढते, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. ज्याने शिकवले त्याला आम्ही हसलो.

दोन वर्षे काही बिघडले नाही. वारा उठला की बाबाजान होडी काठाला लावी आणि गप्पा मारत बसे.

मग तो भाद्रपद आला. धरण तुडुंब भरले होते आणि सांडव्यावरून पाणी पलीकडच्या दरीत कोसळत होते. काठच्या एका वस्तीवर राहीबाई नावाची पहिलटकरीण होती. आठ दिवसांपूर्वी बाबाजान तिला बांगड्या भरायला बसला होता. नेहमीच्या मापाची बांगडी तिच्या हातावरून जाईना. बोटे, मनगट, सगळेच सुजले होते. बांगड्या भरणाऱ्याला बायांचे हात वैद्यासारखे कळतात. त्याने साळूबाई सुईणीला बाजूला घेऊन सांगितले, की ही सूज नुसती दिवसांची नाही. साळूबाई म्हणाली, बघू.

आता दोन दिवस राहीबाई कळा देत होती. डोके फुटते म्हणत होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत होती. साळूबाईने हात टेकले. दवाखाना धरणापाशी होता. काठाकाठाने जावे तर सगळे ओढे फुगलेले, डोली नेणार कशी? राहीबाईचा नवरा मच्छिंद्र बाबाजानच्या पाया पडू लागला. बाबाजानने आभाळाकडे पाहिले, शिडाकडे पाहिले आणि म्हणाला, बसा.

होडीत चौघे होते. राहीबाई आडवी, तिचे डोके साळूबाईच्या मांडीवर. मच्छिंद्र पाणी उपसायला. बाबाजान सुकाणूवर. मी पुढच्या टोकाला, वेटोळे घातलेल्या दोरावर. वारा पाठीमागून होता आणि निम्मी वाट फार लवकर सरली. मग डोंगराच्या घळीतून वाऱ्याचा असा लोट आला, की शीड वरपासून खालपर्यंत फाटले. मच्छिंद्रने वल्हे घातले. चार हात मारले आणि ते मुठीपाशी मोडले. होडी आता कोणाची राहिली नव्हती. वारा तिला सरळ सांडव्याकडे नेत होता. पाण्याच्या कोसळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

बाबाजानने मला पाण्यात टाकले.

मी खाली गेलो. पस्तीस हात. गाळात पडलो, चारही आकडे रुतवले, आणि वाट पाहिली. होडी जवळजवळ माझ्या डोक्यावर होती. वाऱ्याने तिला ढकलले, दोर ताठ झाला आणि त्याने मला वर उपटले. मित्रांनो, मी काय केले सांगू? मी वर आलो. वर ओढले की वर यायचे, हेच मी जन्मभर शिकलो होतो. पुन्हा तळाला टेकलो, पुन्हा उपटलो. कंगव्यासारखा गाळातून फिरत गेलो. दिलावरचा शब्द न् शब्द मला तेव्हा पटला, आणि तेव्हा पटून काही उपयोग नव्हता.

त्यांनी मला वर ओढून घेतले. मच्छिंद्र रडत होता. वजन कमी पडते, बांगड्यांची पेटी बांधा, असे काहीसे तो म्हणत होता.

"वजन न्हाई, मच्छिंद्रा," बाबाजान म्हणाला. "दोर कमी हाय. मला सांगितलं हुतं."

त्याने शिडाची दोरी सोडून माझ्या दोराला जोडली. पंधरा हात. स्वतःचा पटका उतरवून पीळ घालून जोडला. मच्छिंद्रचाही जोडला. त्याने मारलेली गाठ एकही ढिली नव्हती. एवढे जोडूनही तो मान हलवत राहिला. तेव्हा साळूबाई उठली. तिने नेसूचे नऊवारी लुगडे फेडले आणि फाटक्या शिडाचा तुकडा अंगाला गुंडाळला. अठरा हात.

"अजून?" तिने विचारले.

खाली मान घालून बाबाजान पीळ घालत राहिला. सांडव्याची भिंत आता दिसत होती.

"माजं बी घ्या," राहीबाई म्हणाली.

"तू गप पड," साळूबाई म्हणाली.

"आत्या, पोराला लुगड्याची लाज न्हाई. घ्या."

साळूबाईने उरलेले शीड तिच्यावर पांघरले आणि खालून तिचे हिरवे लुगडे काढून घेतले. त्याचे टोक होडीच्या पुढच्या खुंटाला बांधले. बाबाजानने मला छातीशी धरले, माझ्याशीच बोलावे तसे काही पुटपुटला आणि होता तेवढा जोर करून लांब फेकले.

या वेळी मी पडलो आणि होडी पुढे गेली. दोर सुटत राहिला, माझा, मग शिडाचा, मग पटके, मग लुगडी. ओढ आली ती वरून नव्हे, आडवी आली. माझे दोन आकडे गाळात शिरले, गाळाखाली काही कठीण लागले, बहुधा बुडालेल्या शेताचा बांध असावा, आणि तिथे मी धरले. एक आकडा ताणाने सरळ होऊ लागला. मी त्याला म्हणालो, मोडलास तरी चालेल, सरळ होऊ नकोस. माझे लोखंड लोहाराने तापवले तेव्हाही मला इतके सोसावे लागले नव्हते. वर काय चालले आहे ते मला दिसत नव्हते. दोरातून फक्त हिसके येत होते. मी एकेक हिसका मोजत होतो, कारण तेवढेच माझ्या हाती होते. चारशेपर्यंत मोजले. पाण्यातला उजेड कमी झाला. मग वरून एक वेगळाच धक्का आला, दुसरी होडी घासावी तसा.

आणि दोर सैल पडला.

तुम्हाला वाटेल, दोर तुटला. मलाही तसेच वाटले आणि त्या अंधारात मी फार वाईट तास काढले. दुसऱ्या दिवशी उजेड होईपर्यंत तो सगळा दोर हळूहळू माझ्याजवळ तळाला येऊन बसला. शेवटी हिरवे लुगडे आले. मी त्याचे टोक पाहिले. ते फाटलेले नव्हते, सुरीने सरळ कापलेले होते. म्हणजे कोणी तरी सुरी घेऊन आले होते. म्हणजे होडी वाचली. चौघे सांडव्यावरून गेले नाहीत, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पण लुगडे खुंटापाशी कापलेले नाही, मधोमध कापले आहे. माझ्यापाशी अर्धेच आले. उरलेले अर्धे त्यांनी वर ठेवून घेतले, कारण त्यांना कापडाची गरज होती. नुकत्या जन्मलेल्याला गुंडाळायला कापड लागते. बाळंतिणीला लागते. आणि मित्रांनो, जी राहिली नाही तिला झाकायलाही लागते. ते अर्धे लुगडे कशाला लागले, हे मला माहीत नाही. इतकी माणसे मी आरपार ओळखली, पण एवढे मला ओळखता येत नाही.

बाबाजान मला शोधायला आला नाही. त्याला दोष कसा देऊ? चूक आम्हा दोघांची होती आणि किंमत तिसऱ्याच कोणाला द्यावी लागली असेल.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. होडीत बसण्याआधी तिचा लंगर कोणता आहे, तळ कसला आहे आणि दोर किती आहे, हे विचारा. लोक हसतील. हसू द्या, पण उत्तर मिळेपर्यंत पाय आत टाकू नका. आणि कधी त्या काठच्या वस्तीवर गेलात, तर राहीबाईचे घर कोणते ते विचारा. दारात कोणी बाई दिसली आणि तिच्या पायात एखादे पोर घुटमळत असले, तर काही बोलू नका. नुसते काठावर या आणि पाण्यात एक खडा टाका. गाळात पडलेला खडासुद्धा मला ऐकू येतो.