धवल्यातले नाव

दिवाळे गावातील पुतळाबाईंसमोर वृद्धही मान लववीत, कारण त्या धवलारीण होत्या. हळदीच्या दिवशी धवलारीण धवल्यातून, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यातून, देवांना आवाहन करते आणि अखेरीस वधूचे नाव घेते. ते नाव उच्चारले गेले की कुळाची संमती मिळाली, असे कोळीवाड्यात मानतात.

त्यांची थोरली नात क्षिप्रा मेलबर्नमध्ये परजातीच्या वराशी विवाह करीत होती. पुतळाबाईंनी वर्षभर तिच्याशी बोलणे टाकले होते. हळदीच्या आदल्या आठवड्यात मात्र, अंगणात मासळी वाळत घालता घालता, त्यांनी धाकट्या नातीला, रुतिकाला, शांतपणे सांगितले की क्षिप्राचा धवला आपणच गाऊ, फोनवरून गाऊ.

घरातली ब्रॉडबँडची तार दिवाळीपासून मृत होती. आरंभीची सवलत सरल्यावर केबलवाल्याने सांगितलेला दर मासळीच्या टोपलीतून निघण्याजोगा नव्हता. उरला रुतिकाचा मोबाइल आणि त्यातील दिवसाचा दीड जीबी डेटा. तासाभराच्या धवल्याला तो पुरेल, असा तिचा विश्वास होता.

परंतु पुतळाबाईंचा नेम निराळा. सकाळी दिवा उजळताच त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन समोर ठेवावयास सांगितले. दिवा लागल्यापासून नाव घेईपर्यंत वधूचा पाट दृष्टीआड होऊ नये, ही त्यांना सासूने दिलेली शिकवण. क्षिप्रा बसेल तेव्हाच कॉल लावू, असे रुतिकाने सुचवून पाहिले.

"दिवा काय बटन हाय, दाबला नी इजवला?" पुतळाबाई म्हणाल्या.

वर्षाने परतलेली ती प्रसन्नता रुतिकाला मोडवेना. साडेतीन तास पडद्यावर मेलबर्नमधला रिकामा पाट दिसत राहिला.

मध्यान्ही क्षिप्रा पाटावर बसली. पुतळाबाईंनी मोतीबिंदूने धूसर झालेले डोळे मिटले आणि स्वर लावला. गणरायाला, गावदेवीला, खाडीला क्रमाने आवाहन झाले. पूर्वजांची नावे चालू असताना पडद्यावरचा चेहरा थिजला, मग नाहीसा झाला. दिवसाचा डेटा संपल्याचा संदेश उमटला. रुतिकाने वाढीव डेटाचे पैसे भरू पाहिले. ते भरण्यासही इंटरनेटच हवे होते. नुसते चक्र फिरत राहिले. शेजारच्या केशरबाईंचा फोन आणावा म्हणून ती उठू लागली, तोच आजीचा हात तिच्या मनगटावर घट्ट बसला. धवल्यातून कोणी उठत नसते.

काळ्या पडद्यासमोर पुतळाबाईंनी क्षिप्राचे नाव तीनदा घेतले. मग चाचपडत हळदीचे बोट काचेवर टेकवले.

"रडली का गो पोरगी?"

"रडली, बय."

दिवा निवताच रुतिका केशरबाईंकडे धावली आणि त्यांच्या फोनवरून तिने घडले ते कळवले. उत्तर येईतो तिकडची हळद उतरवून झाली होती.

"पूर्वजांपर्यंत ऐकलं मी," क्षिप्राने लिहिले होते. "माझं नाव यायच्या आधी बयने फोन ठेवला. तू तिला नेहमीच सांभाळून घेतेस, पण तुझी ही ताई नाही फसणार. पुन्हा गा म्हणू नकोस तिला."

रुतिकाने आणखी दोनदा लिहिले. उत्तर आले नाही.

ती परतली तेव्हा पुतळाबाई फोन पदराने पुशीत उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तो तिच्या हाती दिला आणि जवळ ठेव म्हणाल्या. पोरगी आता कॉल करील.