आजचा सुविचार, खैरनार सरांचा

मित्रांनो, मी एक जुना सुविचाराचा फळा आहे. नाशिकच्या या शाळेतल्या तीन पिढ्यांवर मी संस्कार केले. म्हणजे दर पंधरा ऑगस्टला भाषणात तसं सांगतात. माझ्यावर लिहिलेलं कोणी लक्ष देऊन वाचल्याचं मला आठवत नाही.

माझा जन्म पंचवटीतल्या एका सुताराकडे झाला. काळा रंग मिळाला, सागाची चौकट मिळाली आणि नववी ‘ब’च्या भिंतीवर, मैदानाकडे तोंड करून मला टांगलं. रोज सकाळी एक मूल माझ्यावर सुविचार लिहायचं, खाली तो कोणाचा ते नाव. परिपाठाला दुसरं मूल तो माइकवर वाचायचं, अख्खी शाळा मागून म्हणायची. मग टाळ्या.

तोंड मैदानाकडे असलं तरी पाठ वर्गाकडे होती. त्यामुळे खैरनार सरांचं गणित मी पाठीनेच ऐकलं. त्यात आकडे थोडे, जनावरं फार. पोर चुकलं की गाढव, डुक्कर आणि मग त्याच्या आईबापांचा उद्धार. कोणी हरकत घेतली नाही. सरांचा निकाल चांगला लागायचा.

योगिनी निफाडकडची. मावशीकडे राहून शिकायची. एकदा तिचं गणित चुकलं. सर काय म्हणाले ते पुढे येईलच. शेवटी म्हणाले, “उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि मुख्याध्यापिका साधना मॅडमना तिने माझ्यासमोरच गाठलं.

“अगं, सर मनाने चांगले आहेत,” मॅडम म्हणाल्या. “बोलले तरी काय?”

“माझ्या बापाला धरून बोलले, मॅडम. ते तोंडातून निघत नाय. पण मी शाळा सोडणार नाय.”

“मग लिहून आण. लेखी असल्याशिवाय मला काही करता येत नाही.”

त्या आठवड्यात फळ्याची पाळी नववी ‘ब’ची होती. योगिनीने खडू उचलला.

परिपाठाला सातवीतली इरा माइकवर आली. डोळे फळ्यावर, डोकं डब्यात.

“आजचा सुविचार! तू मुलगी नाहीस, म्हैस आहेस!”

“तू मुलगी नाहीस, म्हैस आहेस!” शाळा एका सुरात म्हणाली.

“बापाने गोठ्यात बांधायची ती शाळेत बांधली! श्री. खैरनार सर!”

शाळेने तेही म्हटलं. टाळ्या झाल्या. पहिली टाळी, सवयीने, खैरनार सरांची होती.

मग ते भानावर आले. “मी असं बोललोच नाही! कार्टी बदनामी करतेय!”

“बरोबर आहे, मॅडम,” योगिनीच्या वर्गातला यशोधन रांगेतून म्हणाला. “सर ‘ठोंबी म्हैस’ म्हणाले होते. ‘ठोंबी’ लिहायचं राहिलं.”

सगळी रांग खिदळली. मॅडमनी योगिनीकडे पाहिलं. “हे काय गं?”

“तुम्हीच म्हणाल्या ना, लिहून आण. आता लेखी हाय.”

चौकशी समिती बसली. योगिनीची शाळा सुटली नाही. सर तिला आता वाईट बोलत नाहीत. चांगलंही बोलत नाहीत, गणित बरोबर आलं तरी. समितीच्या मते शाळेची अब्रू गेली ती फळ्यामुळे, म्हणून मला उतरवून मोडक्या बाकांच्या खोलीत टाकलं.

मित्रांनो, फळा ओल्या फडक्याने घासू नका, रंग जातो. आणि कोणाशीही असं बोला, की अख्ख्या शाळेने ते तुमच्या नावासकट म्हटलं तरी तुम्हाला टाळी वाजवता येईल. एवढंच मागणं आहे.

माझ्या जागी आता मोठा टीव्ही लावलाय. त्यावरचे सुविचार खैरनार सर निवडतात.