दुखत नाही

साच्यावर चकती नव्हती.

आधी वाटलं, साचा उलटा धरलाय. फिरवून पाहिला. मग वाटलं, उजव्या पायाचा असेल. नाही, डावाच होता. टाचेवर माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मास्तर, डावा’. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे चकती असायला हवी, तिथे प्लॅस्टरमध्ये एक बारीक भोक तेवढं उरलं होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कुणाची टाच ठणकते, कुणाचा तळवा सपाट असतो, कुणी दिवसभर उभं राहून कंबरेपर्यंत कळा घेऊन येतो. त्याने मऊ फोमच्या खोक्यात पाय दाबायचा. त्या ठशात आम्ही प्लॅस्टर ओततो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाय हुबेहूब आमच्या फळीवर येऊन बसतो. मग भट्टीत मऊ केलेली शीट त्या साच्यावर दाबायची, की झाला सुकतळा. गिऱ्हाइकं त्याला इनसोल म्हणतात. मला हे काम शिकवणारे मास्तर सुकतळाच म्हणतात, म्हणून मीही. तळव्याच्या कमानीला आधार, टाचेला गादी, आणि जिथे दुखतं तिथे खळगा, म्हणजे भार त्या जागेला सोडून आजूबाजूला वाटला जातो. तो खळगा नेमका पडावा म्हणून साच्यावर चामड्याची चकती ठेवून ती बारक्या खिळ्याने ठोकायची. शीट काढली की चकती साच्यावरच राहते. राहायला हवी.

काल शीट काळी होती. तपकिरी चामडं संपलं होतं म्हणून चकतीही मी काळीच कापली होती. गरम शीटला चिकटून ती तिच्याबरोबर निघून आली होती, खिळ्यासकट. खिळ्याचं टोक वर, पायाच्या बाजूला. आणि काळ्यावर काळं न दिसल्यामुळे मी वरून मऊ अस्तर चिकटवून, कडा घासून, जोडी मास्तरांच्या हातात दिली होती.

दुसऱ्या कुणाच्या बुटात हा खिळा गेला असता तर चार पावलांत तो बोंबलत परत आला असता. मला शिव्या घातल्या असत्या, मी माफी मागितली असती, विषय संपला असता. पण मास्तरांच्या पायांना काही कळतच नाही. वीस वर्षांची साखर. विस्तवावर पाय ठेवला तरी त्यांना तो वासावरून कळेल. त्या अंगठ्याच्या बुडाशी दोनदा जखम झाली आणि दोन्ही वेळा महिनोन्‌महिने ते खाटेला खिळून राहिले. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “तिसऱ्यांदा जखम होऊन ती हाडापर्यंत गेली, तर हा पाय मला ठेवता येणार नाही.”

आणि हे सगळं मला ठाऊक होतं. मला ठाऊक नसणार तर कुणाला?

अकरा वर्षांची असताना आई मला या दुकानात घेऊन आली होती. माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, चालले की कंबर एकीकडे आणि मी दुसरीकडे. मास्तरांनी माझ्यासाठी उंच टाचेचा सुकतळा केला आणि म्हणाले, “चल वाकडे, आता पळून दाखव.” मी पळाले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यांच्याच हाताखाली लागले, त्याला सतरा वर्षं झाली. आता दुकान मी चालवते आणि ते घरी बसून चुका काढतात.

त्यांचा एकच नियम होता. बाहेर जाणारा प्रत्येक सुकतळा टेबलावर ठेवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून अंगठ्याने इंच न्‌ इंच दाबायचा. मी नुसती नजर फिरवली की ते खेकसायचे, “बघतेस काय? पाय काय डोळ्यांनी चालतो?” मी दाबायचे, मग ते दाबायचे. शेवटचा अंगठा कायम त्यांचा. ते घरी बसल्यावरही अवघड जोडी मी आधी त्यांच्याकडे पाठवायचे.

काल त्यांचीच जोडी होती. ते स्वतः न्यायला आले होते आणि माझ्या डोक्यावर उभे होते. म्हटलं, शेवटी हे दाबणारच आहेत, आपण कशाला वेळ घालवा. त्यांनी जोडी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि सरळ सोबत आणलेल्या नव्या बुटांत सरकवली.

“दाबून बघा की,” मी म्हटलं.

“सतरा वर्षं तुझं काम तपासतोय. आज नाही तपासत जा,” ते म्हणाले. “झालीस तू आता कारागीर.”

मी इतकी हुरळून गेले की बाकी सगळं विसरले. ते नाक्यापर्यंत जाईस्तोवर दारात उभी राहून बघत होते. त्या बुटांची पिशवी हलवत किती ऐटीत चालले होते.

आता घड्याळात सव्वानऊ झाले होते. मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावला.

“ते होय? सातलाच गेलेत फिरायला,” काकू हसत म्हणाल्या. “चार महिन्यांनी पहिल्यांदाच चक्कर मारायला पडलेत. नवे बूट घातलेत ना! फोनसुद्धा इथेच टाकून गेलेत.”

“काकू, ते घरी आले तर दारातच बसवा. एक पाऊलसुद्धा टाकू देऊ नका.”

“अगं, झालं तरी काय?”

“नंतर सांगते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुकान उघडं टाकून मी तळ्याकडे धावत सुटले; त्यांचं फिरणं नेहमी तिथलंच. सात ते सव्वानऊ. मिनिटाला ऐंशी पावलं धरली तरी... मी हिशेब मध्येच सोडला. प्रत्येक पावलाला ते टोक थोडं थोडं आत जात असणार आणि वरचा माणूस मजेत शीळ घालत असणार. डोळ्यांपुढून ते चित्र हलेना. पेट्रोलपंप मागे पडला, शाळेची भिंत मागे पडली. माझी नजर सगळा वेळ फुटपाथवर होती. एका दुकानासमोर लाल थेंबांची ओळ दिसली आणि मी थबकले. वर पाहिलं तर शिडीवर रंगारी, पाटी रंगवत होता.

तळ्याकाठच्या बागेत शिरले तेव्हा छाती फुटायला आली होती. मास्तर बाकावर बसले होते, शेजारी त्यांचा दोस्त, निवृत्त बसड्रायव्हर. मास्तर लहान मुलासारखे पाय हलवत होते.

“ही बघ, आलीच!” त्यांनी दोस्ताला कोपर मारलं. “हिचंच काम. वाकडे, अगं दोन फेऱ्या मारल्या तळ्याला. अजिबात दुखत नाही!”

हे वाक्य ऐकण्यासाठी आम्ही जगतो. गिऱ्हाईक दारातून आत येऊन असं म्हणालं की माझा आठवडा चांगला जातो. तेव्हा मात्र ते ऐकून मला रडू फुटलं.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि नाडी सोडायला लागले. गाठ सुटेना. “अगं, लोक बघतायत,” मास्तर पुटपुटले. मी बूट ओढून काढला. राखाडी मोजा, वरून कोरडा, स्वच्छ. क्षणभर मला वाटलं, वाचलो. मग मी पाय उचलून खालून पाहिलं.

अंगठ्याच्या बुडाशी काळपट ओला डाग होता, रुपयापेक्षा मोठा.

ड्रायव्हर “अरे देवा” म्हणाला. मास्तरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातला बूट घेतला. आत हात घालून त्यांनी अंगठ्याने दाबत दाबत नेलं, जसं कायम दाबायचे तसं, आणि एका जागी त्यांचा हात झटकन मागे आला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता. तो अंगठा त्यांनी पँटला पुसला.

“काल दाबायला हवं होतं मी,” ते म्हणाले.

“नाही मास्तर, मीच...”

“गप. रडायचं ते नंतर रड. तू रे, गाडी आण.”

ड्रायव्हरने आयुष्यभर बस हाकली त्याच शिस्तीत आम्हाला दवाखान्यात पोहोचवलं. एक सिग्नलसुद्धा तोडला नाही. मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना टेबलावर पालथं झोपवलं, पाय माझ्यापासून दूर, तोंड माझ्याकडे. मोजा रक्ताने चिकटला होता, तो कापून काढावा लागला. मास्तर त्या वेळी ड्रायव्हरच्या ब्रेक मारण्याबद्दल तक्रार करत होते. त्यांना पत्ताही नव्हता.

“खोल गेलंय,” बाई म्हणाल्या. “हाडाला लागलंय का ते सळई घालून बघावं लागेल. आणि आजोबा, जरा जरी दुखलं तरी लगेच सांगा. दुखलं तर आनंदच आहे. म्हणजे आतल्या नसा अजून थोड्या जिवंत आहेत, पाय वाचवायला मला काहीतरी हाताशी राहील.”

त्या नळाकडे वळल्या. नर्सने ट्रे आणून ठेवला, तो खणकन वाजला.

मी मास्तरांचा हात धरला. सतरा वर्षं लोकांची दुखणी घालवली मी. आता मनातल्या मनात एकच घोकत होते, दुखू दे, देवा, यांना दुखू दे. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही मी हात सोडला नाही. मास्तर टक लावून माझ्याकडे बघत होते.

“आई गं!” ते एकदम ओरडले. माझा हात त्यांनी करकचून दाबला. “दुखलं! वाकडे, दुखलं गं! चांगलंच दुखतंय की!”

त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. मी मान वळवून पायाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई अजून पाठमोऱ्या उभ्या राहून नळाखाली हात धूत होत्या, आणि सळई ट्रेमध्ये तशीच पडलेली होती.