सातवं वर्तुळ

देवळात लावायच्या पाट्या मी पन्नास वर्षं रंगवल्या. त्यातली बहुतेक वर्षं मला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाईक कागद आणून द्यायचं आणि मी त्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवायचो. घोडा, सारस, अक्षर, माझ्या कुंचल्याला सगळं सारखंच. बायको गेली तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. दुपार सरता सरेना, म्हणून मठातल्या शाळेत जाऊन बसू लागलो. पोरं मला आजोबा म्हणायची आणि माझी शाई लांबवायची. दोन वर्षांत वाचता येऊ लागलं.

त्याच वसंतात हाचिमानच्या देवळाचं छप्पर उतरवलं. छपराखालच्या पाट्या काढून अंगणात मांडल्या होत्या. त्यात किसाबुरोची पाटी होती.

किसाबुरो आमच्या गावच्या पाटाचं पाणी सांभाळायचा. उरलेला वेळ गणितात घालवायचा. एदो शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी सेकी नावाचे गुरू होऊन गेले. त्यांच्याआधी लोक काड्या मांडून आकडेमोड करायचे. न कळलेली संख्या कागदावर अक्षराने लिहून तिचा माग काढायची रीत त्यांनी बसवली. ती रीत किसाबुरो एका फिरत्या मास्तरांकडून शिकला होता. कोडं सुटलं की आमच्याकडे ते पाटीवर रंगवून देवाला वाहतात. त्याने आयुष्यात एकच वाहिलं. कागद माझ्याकडे दिला, खोकत घरी गेला आणि पाटी वाळायच्या आत वारला. पाटी त्याच्या बायकोने, त्सुनेने लावली.

त्यावर वीस वर्षं लोक हसले. सगळ्यात जास्त पिंपं करणारा गेन्पाची.

"दहा सुन रुंद थाळीत कडेने तांदळाच्या सहा गोल मोची ठेवा," तो पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "एकेक केवढी? तीन सुन आणि वर सुनाचा तिसरा भाग. पाटीवर भलतंच. माझ्या म्हाताऱ्या आईला विचारा. किसाबुरोला बायकोने कधी थाळीच वाढली नसणार."

छप्पर झाल्यावर पुजारी त्सुनेला म्हणाले, "ही राहू दे आता. देवासमोर लोक हसतात, बरं दिसत नाही. घरी न्या."

ती पाटी पाठीला बांधून माझ्याकडे आली. मूलबाळ नाही, घरात रेशमाच्या अळ्या आणि ती. पाटी ओसरीवर टेकवून तिने बाहीतून एक गुंडाळी काढली.

"हा त्यांचा कागद. पाटीबरोबर तुम्हीच परत दिला होता, तसाच ठेवलाय. भावोजी, तुम्हाला आता वाचता येतं. खरंच चुकलं होतं का, तेवढं सांगा. चुकलं असेल तर मी ती चुलीत घालते."

"चहा घ्या आधी."

"नको. वाचा."

मी वाचलं. मजकूर थोडकाच होता. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे, मोठ्या वर्तुळाच्या आत कडेने सारखी लहान वर्तुळे एकमेकांना टेकून आहेत. मोठ्याचा व्यास दहा सुन. लहानाचा किती? उत्तर, तीन सुन, दोन रिन, सहा मो.' रिन म्हणजे सुनाचा शंभरावा भाग, मो हजारावा. लहान वर्तुळं किती, ते अक्षरात कुठेच नव्हतं. तशी पद्धतच आहे. आकृती असताना कोण लिहितो?

पाटीवर सहा होती. कागदावर मोजली. सात.

मग आठवलं. सात काढायचा मी प्रयत्न केला होता. कंपासने फिरत गेलं की शेवटचं एक तरी पहिल्यावर चढायचं, नाहीतर फट राहायची. दोनदा पांढरा रंग खरवडला. सहा मात्र आपसूक बसतात. किसाबुरो अंथरुणावर, त्याला कशाला त्रास द्यायचा. देवाला सहा काय आणि सात काय, असं म्हणून सहा काढली आणि विसरून गेलो.

"चुकलं का?" त्सुनेने विचारलं.

"त्यांचं नाही, वहिनी. माझं. त्यांनी सात काढली होती. मी सहा रंगवली."

तिने कागद ओढून बोटाने मोजलं. मग पाटीवर मोजलं. मग पुन्हा कागदावर.

मला वाटलं होतं रडेल, नाहीतर पाटी माझ्या अंगावर टाकेल. मी त्याची वाट बघत होतो. माझ्याही आत काही होईल, त्याचीही वाट बघत होतो. काही झालं नाही. कुंपणावरून एक कोंबडी उतरली.

"एक वाढवता येईल?" ती म्हणाली.

"जागा नाही. सगळं खरवडावं लागेल."

"मग खरवडा."

तिसऱ्या दिवशी पांढरा रंग वाळला. मी दहा सुनांचं मोठं वर्तुळ काढलं. या वेळी अंदाजाने गेलो नाही. कंपास किसाबुरोच्या उत्तराच्या निम्म्यावर लावला. दीड सुन आणि एक रिन नीट धरले, तीन मो केसाएवढे, ते डोळ्याने. कडेला टेकवून पहिलं काढलं, त्याला टेकवून दुसरं. पाचव्यानंतर हात थांबला, मग पुढे गेलो. सातवं पहिल्याला जाऊन टेकलं. ना चढलं, ना फट राहिली.

त्सुने शेजारी बसून तुतीची पानं चिरत होती. तिने मान वर केली, बघितलं, पुन्हा चिरू लागली.

पुजारी म्हणाले, "बरोबर आहे हे मला कसं कळणार?" म्हणून त्यांनी गेन्पाचीला बोलावलं. तो आपला कंपास घेऊन आला, पाटीवर वाकून एकेक वर्तुळ मापत राहिला. दोनदा मापलं.

"बसतात," तो म्हणाला. "सात असतील तर उत्तर बरोबर आहे. पण तेव्हा सहाच होती."

"सहा मी काढली होती," मी म्हणालो. "कागदावर सात आहेत. हा बघ."

त्याने कागद बघितला. कंपास मिटून कमरेला खोचला.

"मग मी वीस वर्षं हसलो कुणाला?"

"मला."

पाटी लावताना शिडी त्यानेच धरली. पुजाऱ्यांनी जागा दिली ती मागच्या बाजूची, जिथे केरसुण्या ठेवतात. पुढे जागा उरली नव्हती. मी खिळे ठोकले आणि खाली उतरलो.

"आता बरोबर आहे ना?" त्सुनेने विचारलं.

"बरोबर आहे."

"बरं." तिने चपलांवरची धूळ झटकली. "मी निघते. अळ्यांना पाला घालायचाय."